अंधार कोणी केला?

(वाई येथे पक्षकार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे कार्य उभे केले, त्या वाईत बोलताना आधी शब्दाचा अर्थ निश्चित करून घेणे बरे. 'सायबर हल्ला' हा शब्द आज फार सैलपणे वापरला जातो. एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या खात्यातील पैसे लबाडीने काढले, तरी तोच शब्द. आणि एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राचा वीजपुरवठा तोडला, तरीही तोच. मी बोलणार आहे ते राष्ट्राराष्ट्रांतील संघर्षात शत्रूची संगणकयंत्रणा बिघडवण्याच्या प्रकाराविषयी.

आपल्याला वाटते, हा विषय सेनापतींचा आणि तज्ज्ञांचा. कार्यकर्त्याला त्यात काय कळणार? पण हा हल्ला छावणीवर होत नाही. तो होतो दवाखान्यावर, बंदरावर, सहकारी बँकेवर आणि वीजवाहिनीवर. विजेचेच पाहा. कोयनेची वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नाही. मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो, आणि ते काम भार प्रेषण केंद्रे संगणकांच्या साहाय्याने करतात. त्या संगणकांत परका शिरला, तर एकही बाँब न टाकता शहर अंधारात लोटता येते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये असेच घडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली.

आता आपल्या घरची गोष्ट. सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. करोनाचा काळ होता. रुग्णालयांना जनित्रांवर विसंबावे लागले. अत्यावश्यक सेवा दोन-तीन तासांत सुरू झाल्या, पण काही भागांत वीज यायला रात्र झाली. त्याच वर्षी १५ जूनला गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले होते, हेही ध्यानात ठेवा.

पुढे २८ फेब्रुवारी २०२१ रोजी 'रेकॉर्डेड फ्युचर' या अमेरिकन कंपनीचा अहवाल आला. भारतातील वीजक्षेत्राच्या दहा संस्था चीनशी संबंधित गटाचे लक्ष्य झाल्या होत्या आणि पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रे त्यांत होती, असे त्यात म्हटले होते. मात्र मुंबईचा अंधार याच कारणाने झाला, हे सिद्ध झालेले नाही, असेही त्याच अहवालात नमूद होते. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली. त्यानंतर लगेच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, भार प्रेषण केंद्रांवर हल्ले झाले हे खरे, पण मुंबईची वीज गेली ती मानवी चुकीने. चीनने आरोप फेटाळला.

मित्रहो, एकच अंधार, आणि त्याची दोन सरकारांनी दिलेली दोन कारणे! 'मानवी चूक' म्हटले की बोट जाते उपकेंद्रात रात्रपाळी करणाऱ्या कामगाराकडे. 'परकी हात' म्हटले की बोट सीमेपलीकडे जाते आणि देखभालीवर खर्च न करणारे, भरती रोखून धरणारे, इशाऱ्यांकडे काणाडोळा करणारे सारे सुटतात. कोणते कारण खरे, हे मी सांगू शकत नाही. पण दोन्ही कारणे सोयीची आहेत, आणि सोयीची कारणे पुराव्याशिवाय स्वीकारणे हे लोकशाहीतील नागरिकाचे काम नव्हे.

या युद्धप्रकाराचे खरे वैशिष्ट्य इथे आहे. तोफेचा आवाज कुठून आला ते कळते. सायबर हल्ल्यात मारणारा मुखवटा घालून येतो आणि मार खाणाऱ्यालाही मार खाल्ल्याचे कबूल करायची लाज वाटते. २०१९ मध्ये कुडनकुळम अणुवीज प्रकल्पाबाबत हेच झाले. आधी साफ इन्कार, आणि दुसऱ्याच दिवशी प्रशासकीय संगणकात घुसखोरी झाल्याची कबुली!

ही झळ कशी वाटेल तिथे पोचते, याची आणखी दोन उदाहरणे देतो. २७ जून २०१७ रोजी युक्रेनच्या करविषयक संगणकप्रणालीतून एक विध्वंसक व्हायरस सोडला गेला. ब्रिटन व अमेरिकेने पुढे त्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. भांडण त्या दोन देशांचे. पण मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. ज्या युद्धात आपण कोणत्याच बाजूला नव्हतो, त्याची झळ उरणच्या किनाऱ्यापर्यंत आली.

दुसरे उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या यंत्रणेत शिरून ९४ कोटी ४२ लाख रुपये पळवले गेले. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. अशा लुटीतून त्या देशाचा शस्त्रास्त्र कार्यक्रम पोसला जातो, असे त्याचे म्हणणे. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा केली, पण सूत्रधार हाती लागलेले नाहीत.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष झाला, तेव्हा महाराष्ट्र सायबर विभागाने जाहीर केले की, सुमारे १५ लाख हल्ले झाले आणि त्यांतले १५० यशस्वी ठरले. पंधरा लाख या आकड्याने छाती दडपते. पण दारावरची प्रत्येक थाप म्हणजे दरोडा नव्हे. विचारायचे ते दीडशेंबद्दल: ती दारे कुणाची होती, उघडी का राहिली? त्याच दिवसांत भारताची ७० टक्के वीजयंत्रणा बंद पाडल्याची आवई सीमेपलीकडून उठली. ती खोटी होती. म्हणजे वीज न तोडताही भीती पसरवता येते, आणि ती पसरवण्याचे काम आपणच आपल्या मोबाइलवरून करतो.

यावर आक्षेप येईल की, सुरक्षेच्या बाबी चव्हाट्यावर मांडल्या तर शत्रूचेच फावेल. आक्षेप खोटा नाही. कुलपाची रचना जाहीर करू नये, हे मान्य. पण चोरी झाली हे घरमालकापासून लपवणे म्हणजे सुरक्षा नव्हे. शत्रूला ती ठाऊकच असते. अंधारात राहते ती फक्त जनता.

या जिल्ह्याला तारा तोडण्याचा इतिहास नवा नाही. १९४२ च्या लढ्यात इथल्या तरुणांनी परकी सत्तेच्या तारा तोडल्या, प्रतिसरकार उभे केले. तरीही त्या मार्गाची नैतिकता आपल्या चळवळीने निर्विवाद मानली नाही. गांधीजींनी १९४४ मध्ये सुटकेनंतर भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. त्यावर कार्यकर्त्यांत कळकळीने वाद झाले. साधनशुचितेचा तो प्रश्न आज बलाढ्य राष्ट्रांना कुणी विचारत नाही. तो विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, कारण आपण तो आधी स्वतःला विचारला होता.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असोत. वीज, पाणी, रुग्णालये आणि सहकारी बँका यांवरील प्रत्येक गंभीर हल्ल्याचा चौकशी अहवाल, तांत्रिक गुपिते वगळून, ठरावीक मुदतीत विधिमंडळापुढे आला पाहिजे. चौकशीत कामगारांच्या संघटनांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. आणि नागरी सेवांवर असे हल्ले करणार नाही, असे बंधन सर्व राष्ट्रांनी करार करून स्वीकारावे, यासाठी भारताने पुढाकार घ्यावा. संयुक्त राष्ट्रांत या आशयाची तत्त्वे २०१५ मध्ये मान्य झाली, पण ती ऐच्छिक आहेत. हे बंधन आपल्या सरकारवरही राहील, हे सांगायला आपण कचरू नये. कराचीतल्या इस्पितळाची वीज तोडण्यात शौर्य नाही, तसे मुंबईतल्याही नाही.

उद्या पुन्हा वीज जाईल, तेव्हा कुणी म्हणेल शत्रू, कुणी म्हणेल कामगार. आपण एवढेच म्हणावे: पुरावा दाखवा.