किल्ली, ठोकळा, पाटी

(सरावलीच्या प्रौढ वर्गात केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी एका लोखंडी पात्याविषयी बोलणार आहोत. पाते लहान असते. पण ते वेळेवर बदलले नाही, तर शेताचे काम बिघडते. आणि बदलताना चूक झाली, तर माणसाचा हात जातो. म्हणून हा विषय घेतला आहे.

आम्ही यंत्रे दुरुस्त करणारी माणसे. भाषणे करणे आमचे काम नव्हे. तेव्हा काही उणे वाटले, तर सांभाळून घ्या.

यंत्राचे मर्म कशात आहे?

सरावली-बोईसरच्या भोवती कारखाने उभे राहिले. तरी भाताची खाचरे अजून आहेत. पाऊस लागला, की चिखलणी करायची, मग लावणी. पूर्वी चिखलणीला बैल नाहीतर रेडे असत. आता बैलजोडी थोड्याच घरी दिसते. आता तासाच्या भाड्याने ट्रॅक्टर येतो. त्याच्या मागे रोटाव्हेटर असतो. आपण त्याला नुसते 'रोटर' म्हणतो.

रोटरमध्ये एक आडवा लोखंडी दांडा असतो. त्यावर अंतराअंतरावर चकत्या असतात. चकत्यांना पाती बसवलेली असतात. पाच फुटी यंत्राला बहुधा ३६ पाती असतात. प्रत्येक पात्याला दोन बोल्ट. म्हणजे बोल्ट किती झाले? बरोबर, ७२. ट्रॅक्टरचे इंजिन हा दांडा फिरवते. मिनिटाला सुमारे २०० फेरे होतात. म्हणजे 'एक' म्हणेपर्यंत दांडा तीन वेळा फिरून जातो. अशा वेळी हात मागे घेईन म्हणणे फुकट आहे, बरं का!

हे यंत्र आले कोठून? ऑस्ट्रेलिया देशात गिलगँड्रा नावाचा गाव आहे. तेथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड हा शेतकऱ्याचा मुलगा राहत होता. १९१२ साली त्याने वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी माती फोडून पाहिली. माती फुटली, पण बाजूला उडू लागली. तेव्हा त्याने पाती काटकोनात वळलेली केली आणि चकत्या दूर दूर बसवल्या. मग माती जागच्या जागी भुसभुशीत झाली. १९२० साली त्याला या यंत्राचे पेटंट मिळाले.

यातून आपण काय घ्यावे? यंत्राचे मर्म त्या वळणात आहे. वळलेला भाग झिजला, की यंत्र नावाला उरते.

पाते झिजले कसे ओळखावे?

चंदनाचे खोड सहाणेवर झिजते ना? तसेच पाते मातीत झिजते. मातीत वाळू असते, खडे असतात. ओल्या चिखलातही तेच खडे असतात. ते रोज थोडे थोडे लोखंड खातात.

झिजलेले पाते माती नीट कापीत नाही. ढेकळे राहतात. गवत कापले न जाता दांड्याला गुंडाळते. ट्रॅक्टर कण्हू लागतो. डिझेल जास्त लागते. मालक म्हणतो, "ट्रॅक्टर जुना झाला." अहो, ट्रॅक्टर नव्हे, पाती जुनी झाली!

यंत्र धुऊन घ्या. एक नवे पाते जुन्याच्या शेजारी धरा. जुने अरुंद झाले आहे, टोक सुरीसारखे पातळ झाले आहे, असे दिसले तर ते बदला. किती झीज चालते, ते यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात दिलेले असते. आता तुम्हांला वाचता येते. ते पुस्तक कपाटात ठेवू नका. वाचा.

मागे एका वर्गात एका आजोबांनी विचारले, "आम्ही नांगराचा फाळ लोहाराकडून पाजवून आणीत होतो. मग हे पाते का नाही चालत?"

प्रश्न फार चांगला आहे. फाळ हळू चालतो. हे पाते गरगर फिरते आणि दगडावर आपटते. म्हणून त्याला कारखान्यात बेताचे पाणी दिलेले असते. लोखंडाला पाणी देणे म्हणजे काय, ते आजोबांना ठाऊकच होते. पाते भट्टीत तापवले, किंवा त्याला वेल्डिंगचा टाका मारला, की ते पाणी उतरते. मग पाते एकतर मऊ पडते, नाहीतर काचेसारखे तुटते. म्हणून तुटलेले पाते जोडू नये. नवेच घालावे.

तुटलेला तुकडा शोधा

बांधाजवळचा दगड लागला, झाडाचे खुंट लागले, कोणी टाकलेला राडारोडा लागला, तर पाते तुटते. यंत्र एकदम थरथरू लागते. तेव्हा लगेच थांबावे. 'एवढे खाचर होऊ दे' असे म्हणू नये. एका बाजूचे वजन कमी झाले, की दांडा हिसके देतो. ते हिसके बेअरिंगला आणि गिअरला लागतात. पाते स्वस्त असते, गिअर महाग असतो.

आणखी एक गोष्ट. तुटलेला तुकडा गेला कोठे? तो चिखलात पडला आहे. दोन दिवसांनी त्याच चिखलात बायका लावणीला उतरतील. अनवाणी उतरतील. म्हणून पाणी ढवळण्याआधी तुकडा शोधा. हाताने चाचपू नका. दाताळ्याने शोधा. लोहचुंबक मिळाले तर तेही फिरवा. तुकडा सापडला नाही, तर लावणी करणाऱ्यांना जागा दाखवून सांगा. कोणाला जखम झाली, तर ती धुऊन लगेच दवाखान्यात जावे आणि धनुर्वाताची सुई घ्यावी.

आमची चूक

आता जी गोष्ट सांगणार आहोत, ती सांगताना आम्हांला बरे वाटत नाही. पण सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही. चिखलणीचे दिवस होते. एका खाचरात पाते तुटले. चालक तरुण होता. पाऊस चढून आला होता. पुढच्या खाचराचा मालक बांधावरून हाका मारीत होता, "आटप रे भाऊ, आटप!" आम्ही पाना घेऊन तेथे गेलो.

चालकाने इंजिन बंद केले. यंत्र वर उचललेलेच ठेवले. खाली आधार दिला नाही. त्याने हात आत घातला. तेवढ्यात दहा-बारा वर्षांचा एक मुलगा ट्रॅक्टरवर चढला. मुलांना ट्रॅक्टरची हौस असतेच. त्याने सीटजवळचा एक दांडा ओढला. यंत्र धपकन खाली आले. चालकाची दोन बोटे गेली.

तुम्ही म्हणाल, इंजिन तर बंद होते. हो, बंद होते. पण यंत्र तेलाच्या दाबावर उचललेले असते. दांडा हलला, की दाब सुटतो. मग इंजिन बंद असले तरी सारे वजन खाली येते.

मुलगा वाईट नव्हता. त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्हांला मात्र ठाऊक होते. 'पाच मिनिटांचे तर काम' असे मनात म्हणून आम्ही गप्प राहिलो. चूक आमची होती.

तो चालक अजून भेटतो. तो आम्हांला काही बोलत नाही. पण शर्टाचे बटण लावायला त्याला वेळ लागतो, ते आम्हांला दिसते.

कारखान्यातला नियम शेतात आणा

तुमच्यापैकी पुष्कळजण तारापूरच्या कारखान्यांत कामाला जातात. मोठे यंत्र दुरुस्त करताना तेथे काय करतात? वीज बंद करून बटणाला कुलूप लावतात. कुलपाची किल्ली कोणाकडे? साहेबाकडे नव्हे. ज्याचा हात यंत्रात जाणार, त्याच्याकडे. शिवाय तेथे पाटी टांगतात. कामगार नियम मोडीत नाही. मग तोच कामगार सुटीच्या दिवशी शेतात आला, की नियम का विसरतो? हात तर तोच असतो!

म्हणून शेतावरही तीन राखणदार ठेवा. किल्ली, ठोकळा आणि पाटी.

किल्ली खिशात असली, की कोणी इंजिन चालू करू शकत नाही. ठोकळा खाली असला, की यंत्र अंगावर पडत नाही. पाटी टांगलेली असली, की येणारा माणूस हात लावण्याआधी थांबतो. एक राखणदार दुसऱ्याचे काम करीत नाही. तिघेही हवेत.

पाते बदलण्याची रीत

१. ट्रॅक्टर सपाट, कोरड्या जागी आणा. ब्रेक लावा.

२. दांडा फिरवणारा पीटीओ बंद करा. इंजिन बंद करा. किल्ली काढा. ज्याचा हात आत जाणार, त्याने ती खिशात ठेवावी. पाती पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नका.

३. ट्रॅक्टर आणि यंत्र यांना जोडणारा शाफ्ट काढून ठेवा.

४. यंत्राच्या दोन्ही बाजूंना जाड लाकडी ठोकळे द्या. यंत्राचे वजन ठोकळ्यांवर टेकवा. विटा रचू नका, विटा फुटतात. पात्यांचा दांडा आपोआप फिरू नये म्हणून त्यालाही लाकूड अडकवा.

५. स्टिअरिंगला पाटी टांगा. मुलांना दूर बसवा.

६. हातमोजे घाला. झिजलेल्या पात्याची कड वस्तऱ्यासारखी असते.

७. एका वेळी एकच पाते काढा आणि त्याच जागी नवे बसवा. सगळी पाती एकदम काढू नका. पात्यांचा क्रम ठरलेला असतो, तो मोडला की यंत्र हादरते.

८. पाते डावे की उजवे, ते पाहा. चपलेसारखे हेही डावे-उजवे असते. फिरताना धार पुढे आली पाहिजे. पाते उलटे बसले, तर त्याची पाठ मातीवर आपटते. काटकोनी पाती आणि कोयत्यासारखी वाकलेली पाती एका यंत्रात मिसळू नका.

९. नवे पाते जड, झिजलेले हलके. म्हणून त्याच चकतीवर समोरचे पातेही पाहा. तेही फार झिजले असेल, तर जोडीने बदला.

१०. बोल्ट, नट आणि वायसर नवे घाला. साधा बोल्ट चालत नाही, मजबूत लागतो. त्याच्या डोक्यावर ८.८ किंवा त्याहून मोठा आकडा असतो. पुस्तकात जो आकडा सांगितला असेल, तोच घ्या. लांब पान्याने घट्ट आवळा.

११. पाना, चिंध्या, ठोकळे आवरा. शाफ्ट जोडा. शाफ्टवरचे झाकण जागेवर लावा. सगळी माणसे दूर झाली ना, ते पाहून मगच किल्ली लावा. पदर, टॉवेल, लुंगी फिरत्या शाफ्टजवळ नेऊ नका.

१२. तासभर काम झाले, की पुन्हा थांबा. पुन्हा किल्ली, ठोकळा, पाटी. मग सगळे बोल्ट एकदा आवळा. नवे बोल्ट पहिल्या तासात थोडे सैल होतात.

एका वहीत तारीख लिहा. किती पाती बदलली, तेही लिहा. पुढच्या वर्षी किती पाती आणायची, ते वहीच सांगेल. आणि हे काम मे महिन्यातच करा. पाऊस डोक्यावर आला, की घाई होते. घाईत माणूस ठोकळा विसरतो.

आजचा धडा

दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो, त्याला झेंडूचा हार घालतो. फार चांगले करतो. पण हार घालण्याआधी वाकून पातीही पाहावीत. यंत्राची ती खरी पूजा.

आता शेवटचे सांगतो. आम्ही येताना पुठ्ठे, खडू आणि सुतळी आणली आहे. प्रत्येकाने एक पुठ्ठा घ्यावा. त्यावर मोठ्या अक्षरांत तीन शब्द लिहावेत:

चालू करू नका

त्याखाली लिहावे: हात आत आहे.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्यांनी ही पाटी सीटखाली ठेवावी. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी भाड्याने येणाऱ्या चालकाला द्यावी. आणि घरच्या मुलांना ती एकदा वाचून दाखवावी. त्या दिवशी त्या शेतात लिहिता येणारी माणसे होती, वाचता येणारा मुलगाही होता. पण पाटी नव्हती.

चला, पुठ्ठे घ्या.