उजव्या हाताला समुद्र

रेवसपासून रेडीपर्यंत सायकलने जायचे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. उजव्या हाताला अथांग समुद्र, डाव्या हाताला नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून गुळगुळीत सपाट रस्ता आणि त्यावरून शीळ घालत चाललेला सायकलवाला. यातला समुद्र उजव्या हाताला असतो, एवढे खरे. पण बराच वेळ तो दिसत नाही. सपाट रस्ता वाट्याला येतो तो अगदी थोडा. आणि शीळ घालायला जो दम लागतो, तो आधीच्या चढावर खर्ची पडलेला असतो.

तरीही हा प्रवास सायकलनेच करावा, असे मला आज सांगायचे आहे. कारण कोकणचा किनारा घडला कसा आहे, हे नकाशा सांगत नाही, मोटारीच्या काचेतून कळत नाही; ते पोटऱ्यांना कळते.

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे. अलिबाग तालुक्यातले रेवस आणि गोव्याच्या सीमेलगतचे वेंगुर्ले तालुक्यातले रेडी, ही दोन टोके जोडणाऱ्या सागरी महामार्गाचे स्वप्न बॅरिस्टर अंतुले यांनी पाहिले. ते १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. तेव्हापासून हा रस्ता तुकड्यातुकड्यांनी होत आला आहे. कुठे तो चांगला दुपदरी आहे, कुठे दोन गडग्यांमधून कसाबसा वाट काढतो, तर कुठे थेट खाडीच्या पाण्यात उतरून थांबतो. पलीकडे जायचे तर होडी.

या खाड्या म्हणजेच कोकणची गुरुकिल्ली. सह्याद्री इथे समुद्रापासून फार दूर नाही. त्यामुळे सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या लांबीने आखूड आणि उताराने तीव्र. त्यांनी जांभ्याचे पठार जागोजाग कापले आणि त्यांच्या मुखांशी समुद्र आत शिरला. म्हणून रस्त्याची चाल ठरून गेली आहे : खाडी, चढ, सडा, उतार, पुन्हा खाडी. गाव तळाशी, वाडीच्या सावलीत. गावातून निघालात की चढ सुरू. वळणावळणाने शेदीडशे मीटर वर गेलात की सडा लागतो. मग खाली उतरायचे आणि कमावलेली सगळी उंची दोन-चार मिनिटांत उधळून टाकायची. दिवसातून असे तीन-चारदा झाले, की माणूस अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे सोडतो. पुढच्या मुक्कामापर्यंत खाड्या किती, एवढेच विचारतो.

सडा हा मोटारवाल्यांना कंटाळवाणा वाटणारा भाग. झाड नाही, सावली नाही, नुसता काळपट कातळ आणि दिवाळीनंतर पिवळे पडलेले गवत. पण सायकलवरून जाताना जांभ्याची भोके दिसतात, त्यांत वाळून गेलेले शेवाळ दिसते, पावसाळी डबक्यांच्या खुणा दिसतात. याच सड्यांवर कुणा अनाम माणसांनी कातळशिल्पे कोरून ठेवली आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर तर एक प्रचंड हत्ती आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रे. कोकणातली अशी काही ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशांच्या यादीत गेली. तिथे सायकल आडवी टाकून हत्तीच्या कडेकडेने चालत फिरावे. एका नजरेत तो मावत नाही.

आणि समुद्र? तो दिसतो तेव्हा अचानक दिसतो, म्हणूनच लक्षात राहतो. दिवेआगरहून आरावी, कोंडिवलीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता अगदी पाण्याच्या कडेने धावतो. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी पोचलात, की खाली पुळण आणि दक्षिणेकडे पाण्यात सुवर्णदुर्ग. गणपतीपुळ्याकडून रत्नागिरीला जाताना आरे-वारेच्या वळणावर दोन पुळणी एकदम नजरेत येतात. चढावर शिव्या घालत आलेला माणूसही तिथे गप्प होतो.

आता फेरीबोटींबद्दल. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा बोटींवर या वाटेचा उत्तर भाग अवलंबून आहे. जयगडच्या पुढे बहुतेक खाड्यांवर पूल झाले आहेत. बोट धक्क्याला लागते, तिची लोखंडी फळी खणकन उतारावर पडते. आधी ट्रक आणि मोटारी, मग दुचाक्या, आणि सर्वांत शेवटी आपण. फळी ओली असते, तिच्यावर शेवाळ असते, म्हणून सायकल हातात धरून चालायचे. एकदा का ती कठड्याला टेकवली की पलीकडच्या धक्क्यापर्यंत आपल्याला काही काम नाही. इंजिनाची धडधड पायांतून वर येते, घाम वाळतो. शेजारी माशांच्या टोपल्या घेऊन बसलेली मावशी सायकलवरच्या पिशव्या न्याहाळते. “मुंबईवरनं? सायकलनं? आणि गाडी नाय मिळाली?” या प्रश्नाला पटेल असे उत्तर मला अजून सुचलेले नाही. मालवणच्या बाजूला गेलात की आधी “खंयसून इलास?” होते. तुम्ही ठिकाण सांगितलेत की पुढचा प्रश्न तुमच्या वयाचा असतो.

दाभोळहून पलीकडचे धोपावे डोळ्यांसमोर दिसते. बोट नसेल तर तिथे जायला चिपळूणवरून वळसा, आणि त्या वळशात सायकलवाल्याचा अख्खा दिवस जातो. खाडी म्हणजे काय, हे त्या धक्क्यावर उभे राहिल्यावर नीट समजते.

निघण्याआधी दोन गोष्टी शिकून घ्या, एक पाण्याची आणि एक वाऱ्याची. भरती-ओहोटीचे गणित किनाऱ्यावरचे लोक तोंडी करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. ओहोटीला दापोलीजवळच्या मुरुड-कर्द्याची वाळू इतकी घट्ट असते की तिच्यावरून सायकल खुशाल चालवता येते. मात्र मुक्कामी पोचल्यावर चहाच्या आधी चेन गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि तेल द्या. खारे पाणी चेनीला एका रात्रीत तांबडी करते. ब्रेकचे रबरही रोज तपासा. इथले उतार ते साबणासारखे झिजवतात.

वाऱ्याचे म्हणाल तर हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि दुपारी खारा वारा उलट येतो, तो बहुधा वायव्येकडून. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे निघावे, म्हणजे दुपारी दमलेल्या पाठीला थोडा हात लागतो. मोठे चढ सकाळी उरकावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जेवणाची चिंता नको. ‘घरगुती जेवणाची सोय’ अशी पाटी दिसली की आधी फोन करून ठेवावा, कारण ताट माणसे मोजून होते. घावन, उसळ, गरम भात आणि वर सोलकढी एवढ्यावर पुढची खाडी निघते.

असे करत करत शिरोड्याला पोचायचे. इथल्या मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, आणि वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत शिक्षक होते. त्यापुढे रेडी, आणि रेडीच्या पलीकडे तेरेखोलची खाडी. शेवटही खाडीनेच होतो.

आता या वाटेवरच्या उरलेल्या खाड्यांवर मोठे पूल बांधायचे सरकारने ठरवले आहे. काही सहप्रवासी त्यावर हळहळतात. फेरीबोटींची मजा जाणार म्हणतात. मला ते पटत नाही. रात्री प्रसूतीसाठी निघालेल्या बाईला फेरीबोटीची मजा नको असते, शेवटची बोट चुकलेल्या कॉलेजच्या पोराला तर नाहीच. पूल हवेतच. मागणे एवढेच आहे, की त्या पुलांवर कठड्याच्या आत सायकलला आणि पायी चालणाऱ्याला पुरेल एवढी वेगळी पट्टी ठेवा, आणि गावांतून जाणारा जुना अरुंद रस्ता डागडुजीविना मरू देऊ नका. पर्यटक ताशी शंभरने निघून गेला तर त्याचा रुपया गावात पडत नाही. सायकलवाला मात्र दर दहा मैलांवर भुकेला असतो.

सगळा किनारा एका दमात करायलाच हवा असे नाही. गुहागर ते रत्नागिरी हा टप्पा आधी करून पाहा. वाटेत हेदवी आहे, तवसाळची बोट आहे, आरे-वारे आहे, आणि चढही पुरेसे आहेत. दोन दिवसांत तो आरामात होतो. गिअरची साधी सायकल, जास्तीची एक ट्यूब, पंप आणि पाण्याच्या दोन बाटल्या एवढे सामान बास. पहिल्याच चढाला उतरून ढकलावे लागले तर खुशाल ढकला. सड्यावरचा वारा चढवत आलेल्याला आणि ढकलत आलेल्याला सारखाच लागतो.