चार बटणांचं मत



१५ जानेवारी २०२६ला सकाळी नवीन जालन्यातल्या एका शाळेत मी मतदानाच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढे आमच्या गल्लीतल्या काकू होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पण एकही मतदान न चुकवलेल्या. आत त्यांना बराच वेळ लागला. मी मत देऊन बाहेर आलो तेव्हा त्या फाटकाशी माझीच वाट बघत थांबल्या होत्या. म्हणाल्या, "बाबा, चार-चार बटनं कामून दाबायला लावली रे?"

काकूंचा प्रश्न रास्त होता. जालना महानगरपालिकेची ही पहिलीच निवडणूक. १६ प्रभाग आणि ६५ जागा. पंधरा प्रभागांत चार-चार नगरसेवक, एकात पाच. अ, ब, क, ड अशी प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी, रंगही वेगळा, आणि सगळ्या जागांचं मत दिल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग या चौघांतला आपल्या गल्लीचा कोणता?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता जरा मागचा हिशेब करू. आपल्या नगरपालिकेची शेवटची निवडणूक २०१६च्या नोव्हेंबरात झाली. मुदत २०२१च्या डिसेंबरात संपली. त्यानंतर प्रशासक आले. २०२३मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, राज्यातली एकोणतिसावी. पाटी बदलली, पण सभागृह रिकामंच राहिलं. २०१७ साली अठरा वर्षांची झालेली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. २०१९ आणि २०२४, लोकसभा आणि विधानसभा, असं तिनं चार वेळा मतदान केलं. देशाचं आणि राज्याचं सरकार निवडताना तिचं मत मोजलं गेलं. पण स्वतःच्या घरासमोरच्या नालीसाठी, दिव्यासाठी, नळासाठी पहिलं मत द्यायला तिला सत्ताविसावं वर्ष उजाडावं लागलं.

घटनेत असं होऊ नये याची तजवीज आहे. १ जून १९९३ला लागू झालेली ७४वी घटनादुरुस्ती सांगते, की नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, त्यापुढे नाही, आणि मुदत संपण्याआधी नवी निवडणूक झाली पाहिजे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं किशनसिंग तोमर खटल्यात हेच बजावलं. तरीही ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचे बदलते कायदे आणि तारखांवर तारखा यांत चार वर्षं गेली. शेवटी ६ मे २०२५ रोजी न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घालून दिली. तेव्हा कुठे आपल्या बोटाला शाई लागली.

कुणी म्हणेल, प्रशासक असले म्हणून कामं थोडीच अडतात? प्रशासक मेहनती असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो. पण त्याची बदली होते. नगरसेवकाची बदली होत नाही, तो त्याच गल्लीत राहतो. नळाला पाणी कधी सुटणार हे विचारायला रात्री नऊ वाजता त्याची कडी वाजवता येते. आणि पाणी ही जालन्यात साधी गोष्ट नाही. घाणेवाडीच्या तलावावर एकेकाळी हे शहर जगलं, आता पैठणहून जायकवाडीचं पाणी येतं, आणि तरीही नळ कोणत्या वारी येणार याचा हिशेब घरोघरी ठेवावा लागतो. कुंडलिकेच्या अल्याड नवीन जालना, पल्याड जुना जालना, पण ही चिंता दोन्हीकडे सारखीच.

ही निवडणूक लांबण्याची गोष्ट झाली; आता ती वरच्या निवडणुकांना जोडण्याची. लोकसभा आणि विधानसभा एकत्र घ्याव्यात आणि त्यानंतर शंभर दिवसांच्या आत गावोगावच्या निवडणुका उरकाव्यात, असा प्रस्ताव आहे. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीनं मार्च २०२४मध्ये तसा अहवाल दिला. खर्च वाचेल, आचारसंहिता वारंवार लागणार नाही, शिक्षकांना वर्ग सोडून पुन्हापुन्हा मतदानकेंद्रावर जावं लागणार नाही. हे मुद्दे खोटे नाहीत. पण मला भीती वेगळीच वाटते. अमेरिकेत अनेक काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागांमध्ये, राष्ट्राध्यक्षाच्या मतपत्रिकेवरच शेरीफ, खजिनदार, कारकून ही पदंही असतात. राष्ट्राध्यक्षासाठी लोक रांगा लावतात आणि खालच्या रकान्यांपर्यंत येता येता कित्येक जण ते कोरेच सोडून देतात. जे भरतात, त्यांतले पुष्कळ जण वरच्या नावाचा पक्ष बघून भरतात. वरच्या लाटेत खालचा माणूस दिसेनासा होतो.

मतदाराला मात्र फरक कळतो, आणि त्याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. १३ मे २०२४च्या मतदानात जालना लोकसभेतून काँग्रेसचे कल्याण काळे निवडून आले आणि रावसाहेब दानवे यांच्यासारखे पाच वेळचे खासदार पराभूत झाले. सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरच्या मतदानात, जिल्ह्यातल्या पाचही विधानसभा जागा महायुतीला गेल्या. कोण बरोबर, कोण चूक, हे मी सांगत नाही. मतदारसंघांच्या सीमाही तंतोतंत एक नाहीत, हेही खरं. तरी दिवस वेगळा मिळाला, की माणूस प्रश्नही वेगळा करून बघतो, एवढं मला त्यात दिसतं. म्हणून गल्लीच्या मताला त्याचा स्वतःचा दिवस असावा, आणि तो पाच वर्षांनी न चुकता यावा, असं मला मनापासून वाटतं.

शहराचा दिवस उशिरा का होईना, आला. जिल्ह्याचा मात्र तेव्हाही आला नव्हता. जालना जिल्हा परिषदेसाठी शेवटचं मतदान २०१७च्या फेब्रुवारीत झालं. मार्च २०२२मध्ये तिथंही प्रशासक आले. म्हणजे मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या एखाद्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत पडली, आरोग्य उपकेंद्राला कुलूप दिसलं, तर आपल्या गटाचा सदस्य म्हणून ज्याच्याकडे जावं असा माणूसच राहिला नाही. आठही तालुक्यांची हीच गत झाली.

काकूंना मी दुसऱ्या दिवशी निवडून आलेल्या चौघांची नावं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. त्यांनी तो कागद नळाच्या वारांच्या कॅलेंडरशेजारी चिकटवला आहे.