आधी डबा वाजवून बघा

येताना मी पिशवीतून तेलाचा एक रिकामा डबा आणला आहे. पत्र्याचा, पाच किलोचा. स्टुडिओच्या दारात विचारणा झालीच, हा कशाला म्हणून. म्हटलं, आजचं निम्मं भाषण हाच करणार आहे. ऐका. टण्ण. आता याच बाजूला मी तळहाताएवढी एक पट्टी चिकटवतो. खालून काळी, रबरासारखी चिकट, वरून चंदेरी पन्नी. पुन्हा तीच टिचकी. ठप. ऐकलंत ना? डबा तोच, बोट तेच, आणि पट्टीने त्या बाजूचा पाव भागच झाकला आहे.

भजनात टाळ धरणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. टाळाच्या कडेला बोट टेकलं की नाद जागीच मरतो. अख्खा टाळ मुठीत आवळावा लागत नाही. गाडीच्या पत्र्याचंही तेच आहे आणि घरी गाडी शांत करायला निघालेली बहुतेक मंडळी नेमकं हेच विसरतात. दुकानातून पट्ट्यांची खोकी आणतात आणि भिंतीला टाइल्स लावाव्यात तशी गाडी आतून मढवून टाकतात.

माझ्या भाच्याचंही तेच चाललं होतं. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटांची स्पोर्ट्स कार तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम ६० अश्वशक्तीची, पण अंग फायबरचं, त्यामुळे वजनाला हलकी. तशीच एक जुनी गाडी भाच्याने हौसेने घेतली. कित्येक वर्षं एका शेडमध्ये उभी होती. दारं कुरकुरायची, पुढच्या मडगार्डला चिरा पडल्या होत्या, आणि ताशी साठच्या पुढे गेलं की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागायचं. "मामा, आतून सगळी पॅक करून टाकू," म्हणाला. मी त्याला हिशेब करायला बसवलं.

दोन मिलिमीटर जाडीच्या अशा पट्टीचं वजन चौरस मीटरला साधारण तीन ते चार किलो भरतं. तळ, दारं, मागची भिंत मिळून सहा चौरस मीटर धरले तर वीसेक किलो झाले. त्यावर आवाज अडवणारा जड व्हिनाइलचा थर घातला तर चौरस मीटरला आणखी पाच किलो. म्हणजे गाडीत एक माणूस कायमचा बसवून ठेवल्यासारखं. साठ घोड्यांच्या गाडीला ते कळतं. आणि पत्रा वाजायचा थांबवायला त्याचा पाव ते तिसरा भाग झाकला तरी पुरतं. मधोमध, जिथे तो सर्वांत जास्त थरथरतो तिथे. कडेला चिकटवलेली पट्टी फुकट जाते, कारण कडा आधीच घट्ट धरलेल्या असतात.

पण पट्टीचं खोकं फोडायच्या आधी गाडी रिकामी करा. अक्षरशः रिकामी. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी, सीटखालची बाटली, कप्प्यातली नाणी, सगळं बाहेर. मग ओळखीच्या खडबडीत रस्त्यावरून एक चक्कर मारा. तुम्ही चालवू नका, दुसऱ्याला चालवू द्या. तुम्ही मागे किंवा शेजारी बसा, डोळे मिटा आणि एकेका पॅनेलवर हात टेकवत जा. हात टेकताच जो आवाज थांबतो त्याचं घर सापडलं. भाच्याच्या गाडीत जी 'मागच्या सस्पेन्शनची खडखड' होती ती जॅकच्या दांड्याची निघाली. जुन्या चादरीत गुंडाळला, खडखड गेली. खर्च शून्य.

उरलेला आवाज ओळखायला शिकायचं. पत्रा स्वतः वाजतो तो एक. त्याला ही चिकट पट्टी. दोन प्लॅस्टिकचे भाग एकमेकांवर घासून कुरकुरतात तो दुसरा. त्याला पट्टी लावून काही होत नाही. तिथे कापडी टेप किंवा बंद छिद्रांच्या फोमचा पातळ तुकडा मध्ये सरकवायचा. आणि तिसरा, सर्वांत चिवट, तो बाहेरून आत शिरणारा: टायरचा, वाऱ्याचा, इंजिनचा. त्याला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. यातलं फटींचं काम लोक नेहमी टाळतात, कारण ते दिसत नाही. पण गणित साधं आहे. एखाद्या आडोशाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तर तो आडोसा कितीही जाड करा, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज तो अडवू शकत नाही. उलट अडवणाऱ्या थराचं वजन दुप्पट केलं तरी फायदा सुमारे ६ डेसिबलचाच. आणि कानाला आवाज 'निम्मा झाला' असं वाटायला १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणून पाच किलो माल वाढवण्याआधी इंजिनकडून आत येणाऱ्या वायरींच्या भोकातलं रबर तडकलंय का ते बघा.

दाराच्या बीडिंगची परीक्षा तर घरातल्या वर्तमानपत्रावर होते. कागदाची पट्टी दारात धरा, दार लावा आणि पट्टी ओढा. जिथे ती सळसळत निघून येते तिथून वारा येतो. कापडी छताच्या गाडीत ही परीक्षा आधी, बाकी सगळं नंतर.

आता पट्टी लावताना. ब्यूटिल रबराचीच घ्या. गच्चीची गळती थांबवायला मिळते ती डांबरी पट्टी दिसायला तशीच असते आणि स्वस्तही असते, पण विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी राहिली की डांबर ओघळतं. वास तर पुढच्या मे महिन्यापर्यंत जात नाही. लावायची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायची. तेलकट पत्र्यावर काहीही टिकत नाही. मग लहान रोलरने मधून कडेकडे दाबत न्यायचं. पन्नीवर उठावाची नक्षी असते. ती सपाट झाली की समजायचं पट्टी बसली. नुसत्या हाताने चोपडलेली पट्टी पहिल्या उन्हाळ्यात पोपडा धरते. गाडीत एअरबॅग असतील तर सीट किंवा दाराचं पॅड काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून काही मिनिटं थांबा आणि पिवळ्या रंगाच्या कनेक्टरांना हात लावू नका.

इथे माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्याच गाडीची दारं शांत केली. काम इतकं नेटकं झालं की शेजाऱ्यांना बोलावून दार लावून दाखवायचो. जड, दमदार आवाज. जुलैत एका सकाळी दार उघडलं तर आतून खळ्ळ असा आवाज, घागर कलंडल्यासारखा. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत उतरतच असतं. ते बाहेर जायला दाराच्या तळाशी बोटाएवढ्या खाचा असतात आणि मी त्या मोठ्या प्रेमाने, रोलर फिरवून, बंद केल्या होत्या. पुढच्या वर्षी दाराखालचा पत्रा फुगला. तेव्हा पट्टी लावण्याआधी त्या खाचांवर खडूने खुणा करा. आणि पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाडून फेकू नका, तो पाणी अडवायलाच असतो. दार बंद करण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून बघा. जाड फोम काचेला घासला तर दुसरंच दुखणं सुरू होतं.

आता बाहेरचं अंग. पत्र्याच्या गाडीवर ठोकून पोचे काढण्याचं काम हे हाताचं कसब आहे, ते रेडिओवरून देता येणार नाही. फायबरचं काम मात्र घरी जमण्यासारखं आहे, वेळ आणि शिस्त असेल तर. स्पोर्ट्स कार आणि फायबर ही जोडी जुनी आहे. अमेरिकेत १९५३ साली कॉर्व्हेट आली ती फायबरच्या अंगानेच, आणि त्या पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या. थोड्या गाड्यांसाठी पत्रा दाबण्याचे महागडे साचे परवडत नाहीत. फायबरचा साचा स्वस्तात होतो.

फायबरला गंज नाही, पण चीर पडते. वरच्या चकचकीत थरावर, म्हणजे जेलकोटवर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या की लगेच लांबी भरू नका. बाजारात मडकं घेताना आपण वाजवून घेतो ना, तसं नाण्याने चिरेभोवती टकटक करत जा. खणखणीत आवाज आला तर नुकसान वरवरचं. बद आवाज आला की आतले थर सुटलेत. बद भागाभोवती पेन्सिलने रेघ ओढा. भाच्याच्या मडगार्डवर वर दिसणारी चीर चार बोटांची होती. नाण्याने काढलेली रेघ ताटलीएवढी झाली.

तेवढा भाग घासून काढावा लागतो आणि कडा उतरत्या ठेवाव्या लागतात, बशीसारख्या. फायबर तीन मिलिमीटर जाड असेल तर उतार चारी बाजूंनी किमान साडेतीन सेंटिमीटर हवा. घाई इथेच होते. उभ्या कडेवर नवा थर धरत नाही, वर्षभरात तीच चीर पुन्हा डोकं काढते. मग मागच्या बाजूने काचतंतूंची मॅट, एकावर एक, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा थोडा मोठा, रेझिनमध्ये भिजवून बसवायची आणि ब्रशच्या टोकाने ठोकत हवा काढायची. एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त रेझिन कालवू नका. भांड्यातच तापून गोळा होतं.

आणि हे पेन्सिल घेऊन लिहून ठेवा. रेझिनबरोबर दोन बाटल्या मिळतात: जांभळट रंगाचा कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, त्यानंतरच हार्डनर, शंभर ग्रॅमला एक-दोन ग्रॅम. या दोन बाटल्यांतला माल थेट एकमेकांत कधीही, थेंबभरही, मिसळायचा नाही. भडका उडतो, स्फोटसुद्धा होतो. हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा न लावता बाटलीचं झाकण उघडायचं नाही. घासताना धुळीचा चांगला मास्क आणि पूर्ण बाह्या. घरात लहान मूल असेल तर हे काम घरात नकोच.

वरून लांबी लावाल ती पातळ, दोन-तीन मिलिमीटरच्या आत. घासताना पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या चऱ्या उमटतात आणि रंग चढल्यावर त्या उन्हात लख्ख दिसतात. ८० नंबरापासून सुरुवात, मग १८०, मग ३२०. मध्ये एकदा काळ्या स्प्रेची हलकी फुंकर मारून पुन्हा घासा. जिथे काळं उरेल तिथे खड्डा. शेवटची परीक्षा डोळ्यांची नाही, हाताची. तळहाताखाली पातळ सुती रुमाल ठेवायचा, डोळे मिटायचे आणि हात लांबीच्या दिशेने सरकवत न्यायचा. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा रुमालाखाली कळतो.

प्रायमर घरी मारा, वरचा रंग मात्र गॅरेजवर सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. हार्डनर घालून मारायच्या रंगात आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासातून गेला तर दमा जडू शकतो आणि साधा कापडी मास्क त्यापुढे कुचकामी आहे. शिवाय रंग न चढलेली लांबी-प्रायमर पाणी पितात, म्हणून हे सगळं काम दसऱ्यानंतर काढा. आषाढात दार उघडं टाकून बसलात तर फुगे येणारच.

कायद्याचं थोडक्यात. आतून पट्ट्या लावायला कुणाची हरकत नाही. पण गाडीच्या मूळ रचनेला हात घातला, मडगार्ड फुगवलं, तळ कापला, आवाज करणारा सायलेन्सर बसवला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. रंग बदलता येतो, मात्र त्याची नोंद आरटीओकडून आरसी बुकात करून घ्यावी लागते. भाच्याला पिवळी हवी होती. अर्ज भरायचा कंटाळा, म्हणून सध्या लालच आहे.