जाणकार निघून जातात तेव्हा



आजचा विषय पक्ष्यांचा आहे, त्याहून जास्त तो पक्षी पाहणाऱ्या माणसांचा आहे. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी पक्षीनिरीक्षकांचा एखादा तरी व्हॉट्सॲप गट सापडेल. शिक्षक, शेतकरी, बँकेतले कर्मचारी, निवृत्त अधिकारी, कॉलेजची मुलं, सगळे त्यात असतात. पहाट झाली की फोटो यायला लागतात. हा छंद याआधी इतका पसरलेला नव्हता, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा राष्ट्रीय अहवाल पाहा. 942 जातींचा आढावा त्यात आहे, आणि तो उभा आहे तीस हजारांहून अधिक निरीक्षकांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर केलेल्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर. या नोंदी करणारे बहुतेक सगळे हौशी लोक आहेत. कुठल्याही सरकारी खात्याला पगारी माणसं नेमून हे काम झालं नसतं.

पण याच गटांमध्ये मला एक गोष्ट वारंवार दिसते आणि ती मला अस्वस्थ करते. ज्यांना खरोखर कळतं, ती माणसं एकेक करून गप्प होतात. भांडून जाणारे थोडे. बहुतेक जण आधी उत्तरं देणं कमी करतात, मग नुसतं वाचतात, मग तेही थांबतं. गटाला हे जाणवतही नाही, कारण फोटो येतच राहतात, अंगठे उठतच राहतात. फरक इतकाच पडतो, की चूक झाली तर ती सांगणारं आता कोणी उरलेलं नसतं.

असं का होतं, हे मी एका पक्ष्याच्या आधाराने सांगणार आहे. रानपिंगळा. आपल्या महाराष्ट्राशी या पक्ष्याचं फार जवळचं नातं आहे.

1872 साली ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमधल्या बसना परिसरात एक छोटं घुबड मिळवलं. ते पोचलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे. हो, तेच ह्यूम, पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. ह्यूम पेशाने मुलकी अधिकारी, पण पक्ष्यांच्या अभ्यासाला त्यांनी जन्म वाहिला होता. ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक ते स्वतः चालवत. देशभरातले कलेक्टर, इंजिनिअर, वनाधिकारी, डॉक्टर त्यांना पत्रं लिहीत, नमुने पाठवत, एकमेकांची मतं खोडून काढत. त्याच नियतकालिकात 1873 मध्ये ह्यूम यांनी या घुबडाची नवी जात म्हणून नोंद केली आणि तिला ब्लेविटचं नाव दिलं. पाठवणाऱ्याचं नाव कायमचं शास्त्रात राहिलं. हौशी माणूस आणि जाणकार यांच्यातला व्यवहार कसा असावा, याचं हे चांगलं उदाहरण आहे. एकाने नमुना नीट ठेवला, कुठे आणि कधी मिळाला ते लिहिलं, दुसऱ्याने अभ्यास केला, आणि श्रेय पहिल्यालाही मिळालं.

त्यानंतर 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात, शहादा-तळोदा भागात, रानपिंगळ्याचे आणखी काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र हा पक्षी नाहीसा झाला. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून मूठभर नमुने, बाकी काही नाही.

मूठभरांतला एक नमुना वेगळा होता. त्यावर 1914 साल होतं आणि गुजरातेतलं मांडवी हे ठिकाण. तो कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांच्या संग्रहातला होता. लष्करी अधिकारी, मोठं घराणं, पक्षीशास्त्रावर ग्रंथ लिहिलेला, थोरामोठ्यांत ऊठबस असलेला माणूस. संग्रहालयाच्या आतल्या काही जणांना त्यांच्याबद्दल शंका होत्या, ब्रिटिश संग्रहालयाने एकदा त्यांना पक्षीविभागात यायची बंदीही केली होती. तरी उघडपणे कोणी विचारेना. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या पक्षीतज्ज्ञांनी घेतलेला रानपिंगळ्याचा शोधही फसला. नोंदच खोटी, तर पक्षी सापडणार कुठून?

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी तो नमुना हातात घेतला. त्याची क्ष-किरण चित्रं काढली गेली. आत भरलेल्या कापसाचे तंतू तपासले गेले. कातडं सोलायची आणि भरायची पद्धत प्रत्येक संग्राहकाची वेगळी असते, जशी प्रत्येक गृहिणीची मोदकाची कळी वेगळी. कापूस बदललेला होता, पण मूळ हात डेव्हिडसनचा होता. म्हणजे हा नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. मांडवीची नोंद बाद झाल्यावर शोध पुन्हा मूळ जागांवर आला. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे आधी छत्तीसगडच्या बाजूला हिंडले, मग खानदेशात आले. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी, शहाद्याजवळ, दिवसाउजेडी बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. 113 वर्षांनी.

मित्रहो, ही हकीगत मी एवढ्या विस्ताराने सांगतो त्याला कारण आहे. सभ्यता म्हणजे कोणाला काही न विचारणं, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. ‘जाऊ द्या, त्यांचा मान राखा.’ मान राखण्याच्या नावाखाली प्रश्न टाळला, आणि तो प्रश्न पक्ष्याच्या शोधाच्या आड आला. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ज्या गटात ‘कशावरून?’ हा प्रश्न कोणालाही, अगदी गटप्रमुखालाही, अपमान न होता विचारता येतो, तोच गट सभ्य. आणि जाणकार माणूस तिथेच टिकतो, कारण त्याचं सगळं काम या एका प्रश्नावर चालतं.

आता गटात परत येऊ. समजा, एखाद्याने फोटो टाकला: ‘आमच्या शेतात रानपिंगळा!!’ फोटोत आहे साधा पिंगळा, गावच्या वडाच्या ढोलीत राहणारा. दोघे दिसायला सारखे आहेत, चूक होणं स्वाभाविक आहे. फरक असा: साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात, पोटावर तपकिरी खुणा असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, ठिपके असले तर अगदी पुसट. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पाय दणकट. आणि तो दिवसाही शिकार करतो.

यावर जाणकार लिहितो: ‘साधा पिंगळा आहे. आधी पुस्तक बघा.’ वाक्य खरं आहे, पण फोटो टाकणारा माणूस सगळ्यांसमोर तोंडावर पडला. तो पुन्हा फोटो टाकणार नाही, किंवा भांडायला उभा राहील: ‘सर, पक्षी मी समोर पाहिलाय, तुम्ही घरात बसून सांगताय.’ मग त्याचे चार मित्र धावून येतात, कोणीतरी हात जोडल्याची चिन्हं टाकून वाद मिटवतो, आणि पिंगळा राहतो बाजूला.

तेच असंही लिहिता येतं: ‘डोक्यावरचे ठिपके मोठे करून पाहा. रानपिंगळ्याला ते एवढे ठळक नसतात. म्हणून मला हा साधा पिंगळा वाटतो. पोटाचा फोटो असेल तर टाका.’ दोन ओळी जास्त. पण यात निर्णयाबरोबर कारण आलं, आणि फोटो काढणाऱ्याला स्वतः तपासायला जागा मिळाली. गटातल्या शंभर जणांना ठिपके बघायची सवय लागली, हा फायदा आणखी वेगळा.

हे झालं जाणकारांनी कसं वागावं याबद्दल. हे बोलणारे पुष्कळ आहेत. जाणकारांशी कसं वागावं, हे मात्र फारसं कोणी बोलत नाही, म्हणून मी ते बोलणार आहे.

पहिली गोष्ट, त्याच्या वेळेची कदर. ‘हा कोणता पक्षी?’ एवढंच लिहून धूसर फोटो टाकायचा, आणि दहा मिनिटांत उत्तर आलं नाही की ‘सर?’ म्हणून पुन्हा हाक मारायची, हे बरं नव्हे. कुठे दिसला, कोणत्या तारखेला, किती वाजता, पाण्याजवळ की माळावर, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, आवाज कसा होता, हे लिहायला एक मिनिट लागतं. वटवट्यांसारख्या पक्ष्यांत तर आवाजाशिवाय पुढे सरकताच येत नाही. ज्याने ही माहिती दिली त्याला उत्तर द्यायला जाणकाराला उत्साह येतो, कारण समोरच्याने आधी स्वतः पाहिलंय हे त्याला कळतं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. ‘एवढ्या फोटोवरून सांगता येणार नाही’ हे उत्तर आपल्याला सहन होत नाही. आपल्याला नाव हवं असतं. मग जो ठासून नाव सांगतो तो गटाचा लाडका होतो आणि जो थांबायला सांगतो तो आढ्यताखोर ठरतो. वास्तविक ज्याला जास्त कळतं त्यालाच आपलं ज्ञान कुठे संपतं ते दिसतं. ई-बर्डवर अनपेक्षित नोंद केली की स्वयंसेवक परीक्षक निरोप पाठवून तपशील मागतात. पुष्कळांना तो निरोप म्हणजे आपल्यावर घेतलेला संशय वाटतो. तसं नसतं. तुमची नोंद पन्नास वर्षांनीही कोणाच्या तरी उपयोगी पडावी, म्हणून ते आपला फुकटचा वेळ खर्च करत असतात.

आणि घरट्यांबद्दल. जाणकार म्हणतो, घरट्याचा फोटो टाकू नका, दुर्मीळ पक्ष्याची नेमकी जागा जाहीर करू नका, ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्याला बाहेर बोलवू नका. यावर ‘आम्हाला शिकवू नका’ असं उत्तर येताना मी पाहिलंय. इथे मी कोणाचीही बाजू सांभाळणार नाही. गर्दीमुळे आणि कॅमेऱ्यांमुळे पक्षी घरटी सोडून देतात. हे सांगणाऱ्याचं ऐकलंच पाहिजे.

जाणकार कोण, हेही नीट ओळखायला हवं. पदवीवरून ते ठरत नाही. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू केली. त्यातले दोघे आपले होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही पेशाने डॉक्टर. पुढच्याच वर्षी फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्याने आपल्या दुकानातली एक खोली संस्थेला दिली. 1908 मध्ये याच संस्थेत एक शाळकरी मुलगा छऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन आला. सचिव मिलार्ड यांना त्याला दोन शब्दांत वाटेला लावता आलं असतं. त्यांनी चिमणी ओळखून दिली, कपाटांचे खण उघडून भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. आणि याच सलीम अलींना पुढे, हातात नीट पदवी नाही म्हणून, सरकारी प्राणिसर्वेक्षणात नोकरी नाकारली गेली. मग ते बर्लिनला पक्षीशास्त्रज्ञ श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकले, परत आले आणि अलिबागजवळच्या किहीममध्ये सुगरण पक्ष्यांची घरटी महिनोन्‌महिने बघत बसले. ते तज्ज्ञ झाले ते या बसण्यातून.

आपल्या काळातही हे घडतं. 2006 मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या ईगलनेस्ट अभयारण्यातून बुगुन लिओसिक्ला ही नवी जात जगापुढे आणणारे रमण अत्रेय हे पेशाने पुण्यातले खगोलशास्त्रज्ञ. पक्षी संख्येने इतके थोडे होते, की त्यांनी नमुना मारला नाही. पकडलेल्या पक्ष्यांची मापं, फोटो आणि गळालेली पिसं एवढ्यावर वर्णन केलं आणि पक्षी सोडून दिले. तारे हा ज्यांचा व्यवसाय, ते पक्ष्यांत हौशी, आणि त्यांचं काम मात्र पक्क्या जाणकाराचं.

म्हणून आपल्या गटांमध्ये आज जे अजिबात बोलत नाहीत त्यांच्याबद्दल मला जास्त वाटतं. मेळघाटातला कोरकू वनरक्षक, ठाणे-रायगडचा कातकरी तरुण, धनगरवाड्यावरचा मेंढपाळ. माळढोक कुठल्या गवतात उतरायचा हे मेंढपाळाला कोणी पुस्तकातून सांगितलेलं नाही. त्यांना टंकलेखन जमत नाही, इंग्रजी नावं येत नाहीत. ते आवाजी निरोप पाठवतात आणि आपण तो ऐकायचा कंटाळा करतो. 2014 मध्ये मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा दिसला, तेव्हा तो पाहणारे जंगलात पायाने हिंडणारे निरीक्षकच होते.

येत्या हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतील, गणना होतील, फोटोंचा पूर येईल. माझी आपल्या गावातल्या गटाला विनंती आहे. आठवड्यातून एक वार ठरवा. ज्यांची ओळख पटली नाही असे फोटो, जागा आणि तारखेसकट, त्या दिवशी एकत्र एका जाणकाराकडे द्या. दर महिन्याला जाणकार बदला, म्हणजे एकावर भार पडणार नाही. उत्तर कारणासकट यावं. ज्या फोटोचं उत्तर मिळणार नाही तो तसाच, ‘ओळख अनिश्चित’ म्हणून, नोंदीत ठेवा. आवाजी निरोप कोणीतरी लिहून काढावेत, ही जबाबदारी कॉलेजच्या मुलांनी घ्यावी. आणि जे पूर्वी उत्तरं द्यायचे व आता गप्प आहेत, त्यांच्या घरी दोघांनी समक्ष जावं आणि काय खटकलं ते विचारावं. त्यांची नावं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत.