कोऱ्या पाटीवरचे धडे

लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा खेळ. टोकाला जाळी असलेल्या काठीने रबरी चेंडू झेलावयाचा, तो जाळीत झुलवीत धावावयाचे आणि प्रतिपक्षाच्या गोलात फेकावयाचा. स्त्रियांचा पहिला सामना 1890 साली स्कॉटलंडमधील सेंट लेनर्ड्स या मुलींच्या शाळेत झाला.

शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने आपला बंद पडलेला स्त्रीसंघ 2002 च्या हंगामात पुन्हा मैदानात उतरविला. प्रशिक्षक होत्या केली अमोंटे हिलर. विद्यार्थिदशेत मेरीलंड विद्यापीठाच्या संघातून त्यांनी दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. परंतु निपुण खेळाडूंचा ओढा पूर्वेकडील नामांकित संघांकडे. तेव्हा बाईंनी विद्यापीठाच्या आवारातही शोध घेतला. चपळ, कणखर मुलगी दिसली की, तिने काठी कधी हाती धरली नसली तरी तिला बोलवावे आणि चेंडू झेलण्यापासून धडे द्यावे, असा क्रम ठेवला. पुढे त्यांचे पती स्कॉट हिलर यांनीही सहायक प्रशिक्षक म्हणून हातभार लावला.

2005 साली या संघाने 21 पैकी 21 सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले. अशा नवशिक्यांपैकी जुळ्या बहिणी त्या संघात होत्या. 2009 पर्यंत विजेतेपद सलग 5 वर्षे टिकले. 2012 नंतर मात्र तो मान पुन्हा मिळण्यास 2023 साल उजाडावे लागले. बाईंनी संघ सोडला नाही.

अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मुलीने नवे काय शिकावयाचे, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या मुलींकडे एकवार अवश्य पाहावे.