मधल्या वेळचे खाणे

आपण पूर्वीपेक्षा अधिक खातो, असा सार्वत्रिक समज आहे. आकडे निराळे सांगतात. राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे शहरी भारतीयाच्या दैनिक आहारात 1972-73 साली सरासरी 2107 उष्मांक होते. 2011-12 साली ते 2058 भरले. बदलला तो त्यांचा उगम. 1999-2000 साली शहरी घरखर्चात धान्याचा वाटा सुमारे 12 टक्के होता. 2022-23 साली तो 4 टक्क्यांखाली उतरला, आणि पेये व तयार खाद्यपदार्थांचा 10 टक्क्यांवर चढला. खर्च म्हणजे उष्मांक नव्हेत. तरी वारा कोणीकडे वाहतो, हे त्यावरून कळते.

पिठाचा एक ग्रॅम सुमारे 4 उष्मांक देतो, तेलाचा 9. म्हणून मूठभर फरसाण लहानशा भाकरीच्या बरोबरीस येते. पण ते ताटात वाढले जात नाही, म्हणून हिशेबातही येत नाही. मूल रात्री ‘भूक नाही’ म्हणाले, तर त्याला रागे भरण्यापूर्वी आईबापांनी सायंकाळचा डबा आठवावा. मधल्या वेळी खाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. गूळ-शेंगदाणे, फुटाणे आपल्याकडे होतेच. मात्र हिशेब शिकविण्यात हयात गेलेल्या शिक्षकाची एवढीच विनंती, की जे खाल्ले, ते बेरजेत धरावे.